ह्यूगो शिफ : सुटणाऱ्या गाठीचे शास्त्रज्ञ



हे पान आपण वाचीत असताना आपल्या डोळ्यांत एक रासायनिक गाठ सारखी सुटत आहे व पुन्हा बांधली जात आहे. अ जीवनसत्त्वापासून बनणारा रेटिनल नावाचा पदार्थ या गाठीने डोळ्यातील प्रथिनाशी जोडलेला असतो. अशा गाठीचा शोध ज्यांनी लावला, त्या ह्यूगो शिफ यांचा हा अल्पपरिचय.

शिफ यांचा जन्म १८३४ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी झाला. गटिंगेन विद्यापीठात फ्रीडरिश व्होलर यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १८५७ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे मायभूमी सोडून ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आणि नंतर इटलीत गेले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी फ्लॉरेन्स येथे अध्यापन व संशोधनात घालविला.

१८६४ साली त्यांनी दाखवून दिले, की अल्डिहाइड वर्गातील पदार्थ (कडू बदामाचा वास ज्याचा, तो यांपैकीच एक) ॲनिलीनसारख्या अमाइनाशी जोडला जातो व पाणी बाहेर पडते. पाणी व थोडे आम्ल मिळाले, की ही गाठ सुटूही शकते.

सुटणारी गाठ म्हणून तिला कमी लेखू नका. आपल्या भागात बांबूची टोपली विणणारा कारागीर चुकलेली पट्टी उसवून पुन्हा घालतो, म्हणूनच टोपली डौलदार होते. रेणूंचेही तसेच आहे. २००९ मध्ये इंग्लंडातील लिव्हरपूल विद्यापीठात अँड्र्यू कूपर व सहकाऱ्यांनी एका प्रकारचे चार व दुसऱ्या प्रकारचे सहा रेणू अशा बारा गाठींनी जोडून पोकळ पिंजरे तयार केले. चुकीच्या जोडण्या आपोआप सुटत गेल्या व सुबक पिंजरा तेवढा टिकला. त्याच्या पोकळीत वायू सामावतो. अशा पिंजऱ्यांपैकी काही आम्ल लागताच उलगडतात. याच गाठीच्या आधारे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये जाळीदार पदार्थ बनविले. त्यात गाठ जुळल्यावर रेणूची रचना किंचित पालटते व ती पक्की होते, म्हणून ते आम्लातही टिकतात.

शिफ १९१५ साली फ्लॉरेन्स येथे निवर्तले. यातील काहीच त्यांना पाहता आले नाही.

पालकहो, मुलाच्या प्रगतिपुस्तकात लाल रेघ दिसली, तर ही गाठ आठवा. चूक उसवून पुन्हा विणण्याची संधी मिळाली, तरच घडण सुबक होते. ती संधी देणे आपल्या हाती आहे, आणि विद्यार्थ्यांनो, ती घेणे तुमच्या.