राळेच्या स्तंभापुढील तपश्चर्या

विज्ञानाच्या इतिहासात शोधाचे कौतुक होते. त्या शोधाला वाट करून देणारी पद्धत घडविणारा मात्र बहुधा उपेक्षित राहतो. विल्यम स्टाइन यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक लाभले, हा या नियमाचा सुखद अपवाद म्हणावा लागेल.

१९११ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेले स्टाइन १९३८ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून रॉकफेलर संस्थेत माक्स बर्गमान यांच्या हाताखाली आले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले बर्गमान १९४४ मध्ये निवर्तले. युद्धानंतर स्टाइन आणि स्टॅनफर्ड मूर यांनी त्यांचाच प्रश्न हाती घेतला: प्रथिनात कोणती अमिनो आम्ले किती?

आरंभी ते स्टार्च भरलेले स्तंभ वापरीत. एका प्रथिनाच्या पृथक्करणास सुमारे दोन आठवडे लागत. पुढे ते आयनांची अदलाबदल करणाऱ्या राळेकडे वळले. मग अखंड प्रथिनेच या राळेवर एकमेकांपासून वेगळी का करू नयेत, असा प्रश्न आला. तत्त्व सोपे आहे. प्रथिनावरील विद्युतभार द्रावणाच्या आम्लतेनुसार पालटतो; विरुद्ध भाराची राळ त्याला धरते; क्षार वाढविला की पकड सुटते. व्यवहार मात्र कठीण! पकड सैल असेल तर सारे मिश्रण एकदमच खाली उतरते; घट्ट असेल तर प्रथिन सुटत नाही, किंवा त्याची नाजूक घडीच मोडते. आम्लता, क्षार, प्रवाहाचा वेग यांचा मेळ पुनःपुन्हा प्रयोग करूनच जमवावा लागतो.

स्टाइन-मूर यांनी गायीच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएज हे विकर निवडले, यातच त्यांची समज दिसते. ते लहान, चिवट आणि धनभारित. ऋणभारित राळेशी त्याचे जुळले. हर्स यांच्यासह १९५३ मध्ये त्यांनी ते स्तंभातून उतरविले, तेव्हा शुद्ध स्फटिकांतूनही दोन घटक निघाले. मोठ्या प्रथिनांना मात्र पीटरसन व सोबर यांच्या सेल्युलोजची १९५६ पर्यंत वाट पाहावी लागली.

१९५८ मध्ये स्पॅकमन यांच्यासह त्यांनी स्वयंचलित यंत्र सिद्ध केले आणि दोन आठवड्यांचे काम एका दिवसावर आणले. रायबोन्यूक्लिएजच्या १२४ अमिनो आम्लांचा क्रम १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चुका १९६३ मध्ये त्यांनी स्वतःच दुरुस्त केल्या. हा प्रामाणिकपणा क्रमाइतकाच मोलाचा.

१९६९ साली कोपनहेगन येथील परिषदेनंतर स्टाइन यांना ज्वर आला आणि थोड्याच दिवसांत हातपाय लुळे पडले. नोबेल मिळाले तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते. १९८० मध्ये निधन होईपर्यंत सहकारी त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येत राहिले.