मसाल्यांचा अभ्यासक : गार्सिया द ओर्ता

भंडारा जिल्हा हा वैनगंगेच्या काठचा, तळ्यांचा आणि भातशेतीचा प्रदेश. तेथील कोणत्याही घराच्या स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा असतोच. त्या डब्यात हळद, जिरे, मोहरी आणि हिंग यांच्या शेजारी मिरी, वेलदोडे, दालचिनी, लवंग आणि जायफळही असते. हळद त्या गावच्या शेतात पिकत असेल. परंतु मिरी आणि वेलदोडे शेकडो कोसांवरच्या दक्षिण सह्याद्रीतील ओल्या, दाट रानांतून येतात. उत्तम दालचिनी श्रीलंकेची. हिंग इराण व अफगाणिस्तान येथील कोरड्या डोंगराळ मुलखातील. लवंग आणि जायफळ यांचे मूळ स्थान तर आजच्या इंडोनेशियातील लहान लहान बेटे होत. असे निरनिराळ्या देशांतून आलेले पदार्थ एका डब्यात गुण्यागोविंदाने नांदतात आणि रोजच्या अन्नाला स्वाद आणतात.

आज ही माहिती शाळेतील मुलांनाही सहज मिळते. पाचशे वर्षांपूर्वी मात्र युरोपातील मोठमोठ्या पंडितांनाही ती नव्हती. तेथील श्रीमंत लोक मसाल्यांसाठी भारी किंमत मोजीत. पण हे मसाले कोणत्या झाडांचे, कोठे व कसे होतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. दालचिनीच्या काड्यांनी मोठे पक्षी आपली घरटी बांधतात आणि लोक युक्तीने त्या काड्या मिळवितात, असे हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले होते. मिरीच्या रानांवर सर्पांचा पहारा असतो. त्यांना हाकलण्यासाठी रानाला आग लावतात आणि म्हणून मिरी काळी होते, अशीही कथा जुन्या ग्रंथांत होती. पिढ्यान्‌पिढ्या लोक हे ग्रंथ वाचीत आणि त्यांवर विश्वास ठेवीत. ज्या पुरुषाने गोव्यात राहून या वस्तूंची डोळसपणे पारख केली आणि खरी माहिती जगापुढे ठेवली, त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सियाचा जन्म इ. स. १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिद या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा हजारो कुटुंबांनी शेजारच्या पोर्तुगालचा आश्रय घेतला. पण तेथेही त्यांना शांतता लाभली नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने त्यांना बळजबरीने ख्रिस्ती करून घेतले. अशा लोकांना नवख्रिस्ती म्हणत. हे लोक घरात गुप्तपणे आपला जुना धर्म पाळतात, असा संशय त्यांच्यावर सदैव घेतला जाई. गार्सियाचे सारे आयुष्य या संशयाच्या छायेखाली गेले.

गार्सिया बुद्धीने तल्लख होता. स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील प्रसिद्ध विद्यापीठांत त्याने तत्त्वज्ञान व वैद्यक यांचे शिक्षण घेतले. मायदेशी परत आल्यावर त्याने काही काळ वैद्यकी केली आणि पुढे लिस्बन येथील विद्यापीठात अध्यापनही केले. मानाची जागा व स्थिर जीवन त्याला लाभले होते. तथापि नवख्रिस्ती लोकांवरील बंधने दिवसेंदिवस वाढत होती. १५३४ च्या मार्च महिन्यात मार्तिं आफोन्सो द सोझा हा सेनानी आरमार घेऊन हिंदुस्थानकडे निघाला. त्याचा वैद्य म्हणून गार्सियाही जहाजावर चढला. सुमारे सहा महिन्यांच्या खडतर सागरी प्रवासानंतर, सप्टेंबर महिन्यात तो गोव्यास पोहोचला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन नावाचे कठोर धर्मन्यायालय स्थापन झाले. गार्सिया पुन्हा कधीही मायदेशी गेला नाही.

आरंभीची काही वर्षे तो सोझाच्या स्वाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर हिंडला. पुढे गोव्यातच त्याने घर केले. त्या वेळी गोवा हे पूर्वेकडील व्यापाराचे मोठे केंद्र होते. मलबारची मिरी, श्रीलंकेची दालचिनी, मोलुका बेटांची लवंग, अरबस्तानातील घोडे आणि चीनमधील रेशीम तेथील बाजारात येत असे. गुजराती, कोकणी, मलबारी, अरब आणि इराणी व्यापारी तेथे भेटत. गार्सिया रोगी तपासून झाल्यावर या बाजारात जाई, वस्तू हातात घेऊन पाही, हुंगून व चाखून बघे. ही वस्तू कोठून आली, ती झाडाचे मूळ आहे की साल, फूल आहे की फळ, तुमच्या देशात तिला काय म्हणतात आणि ती कशात घालतात, असे नाना प्रश्न तो व्यापाऱ्यांना विचारी. आपल्या घराच्या बागेत त्याने अनेक औषधी वनस्पती लावल्या होत्या.

देशी वैद्य व हकीम यांच्याशी चर्चा करण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा याच्यावर तो उपचार करी. दोघांचा चांगला स्नेह जमला होता. सुलतान त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी आणि गार्सिया सुलतानाला तीच नावे लॅटिन भाषेत सांगे. निजामशहाने मोठ्या वेतनाचे आमिष दाखवूनही गार्सियाने गोवा कायमचा सोडला नाही.

पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबईचे बेट भाडेपट्ट्याने दिले होते. आज जेथे गगनचुंबी इमारती उभ्या आहेत, तेथे त्या काळी कोळ्यांच्या वस्त्या, भातशेते आणि नारळीच्या बागा होत्या. आपल्या या बेटावर वर्षातून दोनदा फळणारे एक आंब्याचे झाड आहे, अशी नोंद त्याने मोठ्या कौतुकाने करून ठेवली आहे.

सुमारे तीस वर्षांच्या निरीक्षणानंतर त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. भारतातील पहिला छापखाना गोव्यात येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. ग्रंथाचा विषय हिंदुस्थानातील वनस्पती व औषधी द्रव्ये हा होता. त्या काळी विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहीत. परंतु गार्सियाने हा ग्रंथ व्यापाऱ्यांना व खलाशांनाही कळेल अशा पोर्तुगीज भाषेत लिहिला. त्याची रचनाही मनोरंजक आहे. त्यात एकोणसाठ संवाद आहेत. रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य युरोपातून नुकताच गोव्यास आला आहे. तो प्राचीन ग्रंथांतील वचने पुढे करतो आणि गार्सिया आपल्या अनुभवाने त्याची उत्तरे देतो. मधूनमधून दासी अंतोनिया आत जाऊन एखादे फळ किंवा मूळ आणून समोर ठेवते. वाद शब्दांवर सोडून न देता वस्तू पुढे ठेवून तो मिटवावयाचा, हीच त्या ग्रंथाची पद्धत होती.

या पद्धतीने गार्सियाने अनेक गैरसमज दूर केले. मिरी ही झाडांच्या आधाराने चढणाऱ्या वेलीला घडाघडांनी लागते, हे त्याने सांगितले. लांब पिंपळी ही मिरीचेच कोवळे रूप आहे, असे प्राचीन ग्रंथकार मानीत. गार्सियाने ती निराळी वनस्पती असल्याचे दाखविले. दालचिनी ही झाडाची साल आहे आणि श्रीलंकेची दालचिनी सर्वांत उत्तम, हे त्याने लिहिले. जायफळ व जायपत्री या एकाच फळाच्या दोन वस्तू होत, हेही त्याने स्पष्ट केले. आले, हळद, वेलदोडे, चिंच आणि नारळ यांवरही त्याने लिहिले. हळदीचा उपयोग अन्नात व रंगकामात कसा होतो, हे त्याने नोंदविले. वस्तूंची देशी नावेही त्याने काळजीपूर्वक दिली. पटकीच्या रोगाचे त्याने जे वर्णन केले, त्यात मोडशी हा येथील शब्दही आढळतो.

हिंगाविषयीचा त्याचा संवाद विशेष वाचनीय आहे. हिंगाचा वास त्याला मुळीच आवडत नसे. पण हिंग घालून शिजविलेली भाजी खाल्ल्यावर ती वाईट लागत नाही, हे त्याने मोकळ्या मनाने मान्य केले. त्याने एक गोष्टही दिली आहे. विजयनगरात एका पोर्तुगीज व्यापाऱ्याजवळ एक उमदा घोडा होता. त्या घोड्याला पोटातील वाताचा विकार असल्यामुळे राजा तो विकत घेईना. व्यापाऱ्याने घोड्याला पिठातून हिंग चारला, तेव्हा घोडा बरा झाला. राजाने तो चांगली किंमत देऊन घेतला आणि उपचार कोणता केला, अशी चौकशी केली. हिंगाचे नाव ऐकून राजाला आश्चर्य वाटले नाही. देवांचे अन्न दिल्यावर घोडा बरा होणारच, असे तो म्हणाला.

युरोपात असताना प्राचीन ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नसते, असे गार्सियाने प्रांजळपणे लिहिले आहे. तथापि त्याचेही काही निष्कर्ष चुकले. पांढरी मिरी व काळी मिरी यांच्या वेली वेगळ्या, असे तो समजत असे. वस्तुतः एकाच वेलीचे दाणे कच्चे काढून वाळविले, की काळी मिरी होते आणि पिकल्यावर त्यांची साल काढली, की पांढरी. पण चूक कशी शोधावी, याची वाट त्यानेच दाखवून दिली होती. त्या वाटेने गेलेल्या पुढील अभ्यासकांनी त्याच्याही चुका सुधारल्या.

त्याचा ग्रंथ लवकरच युरोपात पोहोचला. कारोलुस क्लुसियुस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने पोर्तुगालच्या प्रवासात तो मिळविला आणि १५६७ मध्ये त्याचा लॅटिन सारांश अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. पुढे इतर भाषांतही त्याची भाषांतरे झाली. गोव्याच्या बाजारात गोळा केलेले ज्ञान अशा रीतीने साऱ्या युरोपातील विद्वानांच्या हाती पडले.

गार्सियाला मात्र हे यश फार काळ पाहावयास मिळाले नाही. १५६८ मध्ये त्याचा गोव्यात मृत्यू झाला. ज्या धर्मन्यायालयाची त्याला धास्ती होती, ते १५६० मध्येच गोव्यात येऊन पोहोचले होते. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. एवढ्याने त्या न्यायालयाचे समाधान झाले नाही. मृत गार्सियावरही खटला चालला आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी थडग्यातून खणून काढून जाळण्यात आल्या. ज्या गावातील रोग्यांची त्याने तीस वर्षे सेवा केली, त्याच गावात हे घडले.

त्याच्या अस्थी नाहीशा झाल्या, पण त्याचे कार्य नाहीसे झाले नाही. गोव्यातील ते धर्मन्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. गार्सियाचा ग्रंथ मात्र आजही जगभरचे अभ्यासक वाचतात. पणजी शहराच्या मध्यभागी असलेल्या उद्यानाला त्याचे नाव दिलेले आहे. जुन्या ग्रंथांचा मान राखूनही तो त्यांचा दास झाला नाही. परक्या देशात येऊनही तेथील वैद्य, व्यापारी व दासी यांच्याकडून शिकण्यास तो लाजला नाही. सत्य सांगणाऱ्याला नेहमीच सन्मान मिळतो असे नाही. पण त्याने सांगितलेले सत्य त्याच्या मागे उरते आणि साऱ्या जगाच्या उपयोगी पडते, हे गार्सिया द ओर्ताच्या जीवनावरून दिसून येते.