राजप्रतिनिधि यानोश हुन्यादी

राज्य आहे, परंतु गादीवर राजा नाहीं, अशा वेळीं राजाच्या नांवानें जो कारभार पाहतो त्यास राजप्रतिनिधि म्हणतात. हें पद मोठें मोहाचें आहे. कारण सत्ता हातीं असली तरी ती दुसऱ्याची ठेव असते. ती ठेव प्रामाणिकपणें परत करणारा हंगेरीचा यानोश हुन्यादी याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्यासारखें आहे.

हुन्यादीचें घराणें फारसें थोर नव्हतें. राजा सिगिस्मुंड यानें इ. स. १४०९ मध्यें त्याच्या पित्यास हुन्यादचा किल्ला इनाम दिला, त्यावरून त्यांस हें नांव पडलें. यानोश पुढें आला तो तुर्कांशीं झालेल्या युद्धांतील पराक्रमानें.

ता. १० नोव्हेंबर १४४४ रोजीं वार्ना येथें हंगेरीचा तरुण राजा व्लादिस्लाव तुर्कांशीं लढतांना पडला. वारस लाडिस्लाव अवघा चार वर्षांचा, आणि तो जर्मनीचा राजा फ्रेडरिक याच्या ताब्यांत! पवित्र राजमुकुटहि त्याच्याच हातीं. तेव्हां जून १४४६ मध्यें देशाच्या सभेनें हुन्यादीस राजप्रतिनिधि निवडलें. मात्र त्याच्या अधिकारास मर्यादा घातल्या.

बालराजा जितका दूर, तितकी प्रतिनिधीची सत्ता सुरक्षित. असें असतांहि हुन्यादीनें त्याच वर्षीं राजास सोडवून आणण्यासाठीं फ्रेडरिकच्या मुलुखावर स्वारी केली! तींत त्यास यश आलें नाहीं. १४४८ त कोसोव्हो येथें तुर्कांनीं त्याचा मोठा पराभव केला. तरीहि त्यानें कर्तव्य सोडलें नाहीं. पुढें १४५२ त लाडिस्लावची सुटका झाली, तेव्हां हुन्यादीनें आपलें पद खालीं ठेविलें व राजाचा सेनापति म्हणून तो राहिला.

कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा सुलतान दुसरा महंमद १४५६ त बेलग्रेडवर चालून आला. राजा तर व्हिएन्नास निघून गेला होता. हुन्यादीनें मात्र आपलें सैन्य उभें केलें. कापिस्त्रानो नांवाच्या वृद्ध ख्रिस्ती संन्याशानें शेतकरी व गोरगरीब जमवून आणिले. ता. २२ जुलै रोजीं सुलतानास माघार घ्यावी लागली. परंतु छावणींत सांथ पसरली आणि ता. ११ ऑगस्ट रोजीं हुन्यादी मरण पावला.

पुढल्याच वर्षीं राजानें हुन्यादीच्या थोरल्या पुत्राचा शिरच्छेद करविला. इमानाचें हें फळ काय, असें कोणीहि विचारील. परंतु त्याच वर्षीं राजाहि निपुत्रिक वारला, आणि जानेवारी १४५८ मध्यें सभेनें हुन्यादीचा धाकटा पुत्र मथियास यास राजा निवडलें. जो मुकुट पित्यानें बळकावला नाहीं, तो पुत्रास लोकांनीं आपण होऊन दिला.

प्रभु येशूनें सांगितलेला विश्वासू कारभाऱ्याचा दाखला आपण सर्वांनीं ऐकिला आहे. वर्गाचा नायक असो वा संस्थेचा खजिनदार, हातीं आलेला अधिकार आपला नव्हे, ही जाणीव ज्यास राहिली तोच हुन्यादीचा खरा शिष्य होय.