रुळांच्या रुंदीशी झुंजलेला अभियंता

मुदखेड–आदिलाबाद मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि त्यावरील जुनी इंजिने निरुपयोगी ठरली. रुळांची रुंदी बदलली की गाडी थांबते, माल अडतो. हा पेच शतकापूर्वी एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांनी ओळखला होता.

१८५७ मध्ये जन्मलेले हे इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सेवेत भारतात आले. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या बार्शीच्या बाजारपेठेसाठी त्यांनी अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुचवला. मंजुरीस अनेक वर्षे लागली. दरम्यान त्यांनी नोकरीही सोडली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हे त्यांचे सूत्र होते. त्यामुळे इंजिनाचा भार अनेक चाकांवर विभागला गेला आणि हलके रूळ जड माल पेलू लागले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती निजामाच्या राज्यातील लातूरपर्यंत पोहोचली.

मालाची चढउतार मात्र टळली नव्हती. १९०४ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील लीक–मॅनिफोल्ड मार्गावर त्यांनी त्यावर उपाय योजला : रुंद मार्गाची वाघीणच अरुंद मार्गाच्या वाहक गाडीवर चढवायची.

वैमानिकांसाठी हवाई छत्री घडवण्यात त्यांनी उत्तरायुष्य वेचले. १९२७ मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी बार्शी रेल्वे मिरजेला पोहोचली. आज तो मार्गही ब्रॉडगेज आहे. अरुंद रूळ गेले, पण त्यांनी जोडलेली गावे आजही रेल्वेच्या नकाशावर आहेत.