इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्या

साखर कारखान्यामुळे आमच्या श्रीपुरात मोजमापाची सवय सगळ्यांनाच. ऊस काट्यावर, उतारा टक्क्यांत. पण परवा हळदीकुंकवाला जे ऐकलं, ते कुठल्या काट्यावर तोललं होतं कोण जाणे! मुलींना गणित, यंत्रं जमायची नाहीत. जन्मतःच मेंदू तसा, आता तर म्हणे जीन्समध्येच असतं. कॉलेजातल्या पोरीही माना डोलवत होत्या. मला इरावती कर्वे आठवल्या.

बाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीवरून. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात, हुजूरपागेत. लग्न दिनकर कर्व्यांशी, म्हणजे महर्षी अण्णांच्या घरात. गंमत बघा, स्त्रीशिक्षणासाठी जन्मभर झिजलेल्या सासऱ्यांना सुनेने जर्मनीला जाणं पटलं नव्हतं. १९२८ मध्ये त्या गेल्याच.

बर्लिनला गुरू मिळाले ऑयगेन फिशर, आनुवंशिकतेचे मोठे पंडित. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि म्हणून त्यांची बुद्धी जास्त तर्कशुद्ध, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करायचं काम या तेवीस वर्षांच्या मुलीकडे आलं. तिने १४९ कवट्या मोजल्या. असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसेना. परका देश, डॉक्टरेट गुरूच्या हातात; तरी प्रबंधात तिने तेच लिहिलं. १९३० मध्ये पदवी घेऊन परतली. याच संस्थेने पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा टेकू दिला, हे लक्षात घेतलं की त्या पोरीचं धाडस कळतं.

तिचा अभ्यास वंशाचा होता, बायकांचा नव्हे. पण खोड तीच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या पॉल ब्रोकांनी बायकांचा मेंदू सरासरीने हलका भरतो म्हणून अक्कलही कमी ठरवली. शरीर लहान तर मेंदूही लहान, हे ठाऊक असूनसुद्धा! निकाल आधी, मोजणी मागाहून.

बाईंनी मोजपट्टी मात्र टाकली नाही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्या गावोगाव माणसं मोजत हिंडल्या. मला त्याचं थोडं नवलच वाटतं. ‘युगान्त’ लिहिलं, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. आणि यंत्रांचंच म्हणाल, तर पुण्यातल्या बायका स्कूटरला हात लावत नव्हत्या, तेव्हा बाई लॅम्ब्रेटावरून फिरायच्या. १९७० मध्ये त्या गेल्या.