व्यापारी कायदा शिकवणारे बाबासाहेब

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बी.ए.ला असलेल्या एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'स्वयम्' पोर्टलवर बिझनेस लॉचा ऑनलाइन कोर्स होता. नाव नोंदवायला पैसे लागत नव्हते. शेजारी बसलेला तिचा भाऊ हसला. आपलं ना दुकान, ना कंपनी. हा कायदा शेठजींच्या मुलांनी शिकावा, असं त्याचं म्हणणं. बाबासाहेब मुंबईत हाच विषय शिकवत होते, असं मी सांगितलं तेव्हा दोघंही गप्प झाले. घटनाकार बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. व्यापारी कायद्याचे शिक्षक बाबासाहेब आपल्याकडून निसटले आहेत.

बाबासाहेबांचं परदेशी शिक्षणच एका करारातून सुरू झालं. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानशी करार केला. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायचं आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. नोकरी मिळाली, पण राहायला जागा कोणी देईना. पारशी सराईतूनही त्यांना अकराव्या दिवशी बाहेर काढलं गेलं. करारातल्या एका पक्षाची जात दुसऱ्या पक्षाच्या समाजाला मान्य नसेल, तर कागदाचं काय होतं, हे त्यांनी पंचविशीतच अनुभवलं.

मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासं झालं आणि पेढी बंद पडली. अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या बाजाराला जात नसते. खऱ्या बाजाराला असते.

नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० त्यांनी सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. पण मोठे खटले हाती येत नव्हते, कारण जात इथेही आडवी आली. घर परळच्या चाळीत, दोन खोल्यांचं. त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झालेली, तिचं काम वाढत चाललेलं.

अशा ओढगस्तीत जून १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्याख्याते झाले. विषय होता व्यापारी कायदा. त्या काळी व्यापारी कायदा म्हणजे १८७२ चा करार कायदा, हुंडी आणि चेकचा १८८१ चा कायदा, १९१३ चा कंपनी कायदा. करार कधी पक्का होतो, संमती मोकळी कधी मानायची, जामीनदारावर किती बोजा येतो, असे रोजच्या व्यवहाराचे हे प्रश्न.

ही नोकरी मार्च १९२८ पर्यंत चालली. या तीन वर्षांत काय काय घडलं ते पाहा. जुलै १९२६ मध्ये लाडका मुलगा राजरत्न गेला. १९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडचं चवदार तळं, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. क्रांतीच्या या धामधुमीत त्यांच्या पोटापाण्याला व्यापारी कायद्याच्या तासांचा आधार होता.

महाडची लढाईही कोर्टात गेली. १२ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्यांनी दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. तळं कोणाच्या मालकीचं आणि जुनी रूढी पुराव्याने सिद्ध होते का, यावर वाद झाला. रूढी सिद्ध झाली नाही. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूचा निकाल कायम केला. पाण्याचा हक्क मालकी आणि पुरावा यांच्या भाषेतही लढवावा लागला, हे विसरू नये.

पुढे ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १९३५ मध्ये तिथेच प्राचार्य झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. सोसायटीने १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय आणि १९५६ मध्ये सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केलं. ज्याची पेढी जातीमुळे बंद पडली, त्याच माणसाने समाजासाठी वाणिज्य आणि कायदा या दोन्हींची दारं उघडली.

आता वस्तीत या. गटकर्ज घेताना आपल्या आयाबहिणी एकमेकींच्या हप्त्याची हमी देतात. पण हमीदारावर कर्जदाराइतकीच जबाबदारी येऊ शकते, हे सही करताना त्यांना कोणी सांगत नाही. डिलिव्हरीचं काम करणारी पोरं आणि ॲपवरून कर्ज घेणारे तरुण अटी न वाचता 'मान्य आहे'वर बोट ठेवतात. हे सगळे करारच आहेत. दुकान नसलं तरी आपण रोज कुठेतरी बांधले जातो, आणि कशाने बांधले गेलो हे हप्ता थकल्यावर कळतं.

त्या मुलीने कोर्सला नाव नोंदवलं आहे. दिवसा कॉलेज आणि शिकवण्या, म्हणून रात्री दहानंतर ती धडे ऐकते. भाऊ अजून हसतो, पण परवा त्याने आपल्या कामाचं करारपत्र तिच्याकडे वाचायला दिलं. प्रत्येक विहारात असा कागद वाचून समजावून सांगणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी तयार व्हावी. येत्या जयंतीच्या तयारीत एवढं एक काम धरू या.