दुसऱ्याच्या घरी गायिलेले गाणे : उस्ताद अमीरखाँ

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी एका गवयाचे चरित्र निवडले. उस्ताद अमीरखाँ यांचे नाव निघाले की जाणकार मंडळी त्यांच्या मारव्याविषयी आणि दरबारीविषयी भरभरून बोलतात. पण आपल्यासारख्या संसारी बायकांच्या कानांवर त्यांचा आवाज पडला तो मैफलीत बसून नव्हे. तो आपल्याला दुसऱ्यांच्या चित्रपटांतून ऐकू आला. तेथे पडद्यावर चेहरा दुसऱ्याचा, संगीत दुसऱ्याचे, गोष्टही दुसऱ्याची. खाँसाहेब तेथे केवळ पाहुणे होते. त्या पाहुणेपणात ते कसे वागले, हेच मला सांगायचे आहे.

अमीरखाँ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी झाला. त्यांचे वडील शाहमीरखाँ हे भेंडीबाजार घराण्याचे. ते सारंगी आणि बीन वाजवीत व इंदूरला होळकरांच्या दरबारी नोकरीस होते. अमीर नऊ वर्षांचा असतानाच आईचे छत्र हरपले. मागे तो आणि धाकटा भाऊ बशीर असे दोघे राहिले. बशीर पुढे इंदूरच्या आकाशवाणीवर सारंगीवादक झाला. वडिलांनी थोरल्यालाही प्रथम सारंगीच शिकवली. सारंगियाचे काम काय, तर गाणारा पुढे बसलेला असताना त्याच्या बाजूला बसून त्याचा सूर उचलायचा आणि तो थांबला की त्याची जागा भरून काढायची. दुसऱ्याचे गाणे आधी नीट ऐकायचे, हा धडा या मुलाला असा लहानपणीच मिळाला.

मुलाचा ओढा गाण्याकडे आहे हे ओळखून वडिलांनी त्याला गळ्याची तालीम सुरू केली. त्यात मेरुखंडाचा रियाझ मुख्य होता. मेरुखंड म्हणजे तेच स्वर घेऊन त्यांची जागा पुन्हा पुन्हा बदलायची. मांडणीवर तीन भांडी असली तर ती सहा तऱ्हांनी लावता येतात, चार असली तर चोवीस तऱ्हांनी, आणि सात असली तर तब्बल ५०४० तऱ्हांनी. सात स्वरांचेही तसेच आहे. या कष्टाच्या तालमीच्या जोडीला त्यांनी किराणा घराण्याच्या अब्दुल वहीदखाँ यांची संथ बढत, देवासच्या रजबअलीखाँ यांची तान आणि भेंडीबाजारच्या अमानअलीखाँ यांची सरगम मन लावून ऐकली व त्यातून स्वतःची गायकी घडवली. पुढे तिलाच इंदूर घराणे म्हणू लागले.

१९३४ साली ते मुंबईस आले. येथे त्यांच्या काही मैफली झाल्या, काही तबकड्याही निघाल्या. १९३६ साली ते रायगढचे राजे चक्रधरसिंह यांच्या पदरी राहिले. हे आपले कोकणातले रायगड नव्हे, आजच्या छत्तीसगडातले संस्थान. राजांनी त्यांना मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गाण्यास पाठविले. तेथे मोठमोठे गवई जमले होते. या तरुणाचे संथ गाणे श्रोत्यांना रुचले नाही व पंधरा-वीस मिनिटांतच गोंगाट करून त्यांना उठविण्यात आले. लोकांचे मन राखण्यासाठी निदान एक ठुमरी तरी गा, असे चालकांनी सुचविले. खाँसाहेबांनी नकार दिला. ठुमरीकडे आपला कल नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राजाच्या वतीने आलेल्या चोवीस वर्षांच्या माणसाला भर सभेतून उठावे लागले, तरी टाळ्यांसाठी त्यांनी आपले गाणे बदलले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे. रायगढला ते वर्षभरच राहिले. १९३७ साली वडीलही गेले. त्यानंतर दिल्ली, कलकत्ता अशी फिरती झाली आणि फाळणीनंतर ते पुन्हा मुंबईस आले.

त्या काळी बऱ्याच बुजुर्ग गवयांना चित्रपटात गाणे म्हणजे कमीपणा वाटे. त्यात अमीरखाँ यांचे गाणे तर फार सावकाशीचे. झुमरा तालातला त्यांचा विलंबित ख्याल रंगायलाच बराच वेळ लागे. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मोठ्या वाड्यात राहणाऱ्याने एका खोलीत संसार थाटावा, तशीच ही गोष्ट होती.

१९५२ साली विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’ आला. संगीत नौशाद यांचे होते. आरंभीच्या श्रेयनामावलीवर पूरिया धनाश्रीत खाँसाहेबांचा आवाज ऐकू येतो. पण खरी कसोटी पुढे होती. गोष्टीत अकबराच्या दरबारी तानसेन आणि बैजू यांचा सामना होतो व त्यात तानसेन हरतो. बैजूसाठी द. वि. पलुसकर यांचा आवाज घेतला होता आणि तानसेनासाठी अमीरखाँ यांचा. म्हणजे चाळीस वर्षांच्या नावाजलेल्या उस्तादाने एकतीस वर्षांच्या तरुणापुढे साऱ्या देशाच्या देखत हरायचे. पडद्यावर तानसेन झाले होते सुरेंद्र. ते स्वतः एके काळचे लोकप्रिय गायक नट, पण येथे त्यांनीही दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलविले.

देसी रागातले ते गाणे ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. हरणारा कोठेही हात राखून गात नाही. तो हातचे राखून गायिला असता, तर बैजूच्या विजयाला काय किंमत उरली असती? तानसेन तानसेनासारखा गायिला म्हणूनच बैजू मोठा ठरला. दोन्ही आवाज एकमेकांना वाट देत चढत जातात. एकाचा भारदस्त, खोल. दुसऱ्याचा गोड, मोकळा. चित्रपटात शेवटी संगमरवराची शिळा बैजूच्या गाण्याने वितळते. ऐकणाऱ्याला मात्र दोघांपैकी एकही आवाज कमी वाटत नाही. पलुसकर हे गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या विष्णु दिगंबरांचे पुत्र. हा गुणी गायक १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तला. म्हणून त्या दोघांचे हे एकत्र गाणे आज अधिकच मोलाचे वाटते.

१९५४ साली नौशाद यांच्याच ‘शबाब’मध्ये खाँसाहेबांनी मुलतानी रागातले गिरिधर गोपाळाची करुणा भाकणारे भजन गायिले. पुढच्या वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ निघाला. त्याचे संगीतकार वसंत देसाई मूळचे सिंधुदुर्गाकडचे, आणि योगायोग असा की दोघांचाही जन्म १९१२ सालचा. चित्रपट नृत्याचा, गोपीकृष्ण आणि संध्या यांचा. त्याचे शीर्षकगीत खाँसाहेबांनी अडाणा रागात, कोरसच्या साथीने गायिले. जो गायक एकेका स्वरावर रेंगाळणारा, तो येथे घुंगरांच्या चालीने चालतो. घाई मात्र जाणवत नाही. गाणे नाचाला पुढे करते आणि आपण पाठीशी उभे राहते. त्या चित्रपटाला हिंदीतील उत्तम चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

१९५९ साली ‘गूँज उठी शहनाई’ आला. दिग्दर्शन विजय भट्ट यांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे. शहनाई खुद्द बिस्मिल्लाखाँ यांची. त्यात रागमाला आहे. एकामागून एक राग येतात आणि आवाज व शहनाई आळीपाळीने ते मांडत जातात. एरवी वाजविणारा गाणाऱ्याच्या मागे जातो. येथे गोष्टच शहनाईवाल्याची असल्याने मान शहनाईचा. खाँसाहेब सुरावट मांडतात आणि शहनाईला पुरती जागा देऊन थांबतात. सारंगियाच्या मुलाला बाजूला कधी व्हावे हे शिकवायला नकोच होते.

आता मिर्झापूरच्या गोष्टीकडे येते. १९६० साली तपन सिंह यांनी रवींद्रनाथांच्या कथेवरून ‘क्षुधित पाषाण’ हा बंगाली चित्रपट काढला. संगीत सरोदवादक अली अकबरखाँ यांचे होते. ओसाड पडलेला जुना महाल, त्यात वावरणारी गतकाळातील माणसे आणि तेथे अडकून पडणारा तरुण अधिकारी, अशी ती गोष्ट. त्या महालाला जुन्या विलासाची सय यावी असे गाणे हवे होते. अमीरखाँ तेथे प्रतिमा बॅनर्जी यांच्याबरोबर बागेश्री गायिले, आणि ठुमरीही गायिले. होय, तीच ठुमरी! भरसभेत मान जात असताना जी त्यांनी नाकारली, ती येथे दुसऱ्याच्या गोष्टीची गरज म्हणून गायिली, आणि तीही आपल्याच गंभीर, ठाय ढंगाने. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून एखादी गोष्ट करणे वेगळे आणि कोणाच्या कार्याला ती हवी म्हणून करणे वेगळे, हा फरक ते जाणत होते.

आपल्यातली सुगरण शेजारच्या घरी लग्नकार्यात मदतीला जाते, तेव्हा आपल्या घरची चव तेथे लादत नाही. यजमानीण कोणते वाटण घालते ते विचारते आणि तसे करते. तरीही पंगतीत जेवणाऱ्याला आमटीची गोडी वेगळी लागतेच. खाँसाहेबांची चित्रपटातील गाणी अशीच आहेत. संख्येने ती मोजकी, पण एकातही त्यांनी यजमानाला कमीपणा आणला नाही आणि स्वतःचा सूरही सोडला नाही.

स्वतःच्या मैफलीत मात्र ते अखेरपर्यंत आपल्याच वाटेने गेले. गाताना हातवारे नाहीत, श्रोत्यांना खूष करण्याची धडपड नाही. मिटल्या डोळ्यांनी, जणू एकटेच बसून ते गात. तराण्याच्या बोलांचा अर्थ फारसीत शोधण्याचा त्यांना ध्यास होता. ‘सुररंग’ या नावाने त्यांनी बंदिशीही रचल्या. १९६७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि १९७१ साली पद्मभूषण. ज्यांना पंधरा-वीस मिनिटांत उठविले होते, त्यांच्या संथ गायकीचा ठसा पुढे कितीतरी गवयांवर व वादकांवर उमटला. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय एकसष्ट वर्षांचे होते. तेथेच त्यांचे दफन झाले.

आपल्या मंडळाच्या भजनात एकदोघी पुढे गातात आणि बाकीच्या टाळ धरून ध्रुपद उचलतात. मागे उभे राहणाऱ्यांचे नाव कोणी विचारीत नाही. पण त्यांचा सूर ढिला पडला की पुढचीचे गाणेही खाली बसते, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून दुपारचे काम आटोपल्यावर एकदा ‘बैजू बावरा’तला तो दरबारचा सामना भगिनींनी जरूर ऐकावा, आणि या खेपेस जिंकणाऱ्याबरोबर हरणाऱ्याकडेही कान द्यावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.